बाणेदारांनी काढलेली काच

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी डोळ्यात पाण्याचा थेंबही जाता कामा नये असं बजावलं, आणि बाणेदारांनी गाडीची काच उचकटायचं ठरवलं.

दोन्हींचा संबंध होता. पाऊस पडला की गाडीची मागची सीट भिजायची, तीही नेमकी सासूबाई बसत तिथेच. शेजारी न उघडणारी, डिंकानं कायमची चिकटवलेली छोटी काच होती. कंपनीनं डिंकात कंजुषी केली म्हणून तिथून पाणी झिरपतं, असं बाणेदारांचं निदान. (बाणेदार हे आडनाव नव्हे. लिफ्ट उशिरा आली तरी तत्त्वासाठी भांडतात, म्हणून कचेरीनं ठेवलेलं नाव. त्यांना ते कौतुक वाटतं.) गॅरेजवाला म्हणाला, दोन दिवस गाडी ठेवा. सासूबाई तर संध्याकाळी घरी यायच्या होत्या. बाणेदार त्याला चार शब्द सुनावून, पावसातून छत्री सावरत, डिंकाची ट्यूब आणि बारीक पोलादी तार घेऊन परतले.

अशी काच काढायची तर तार डिंकातून आरपार घालायची आणि एकानं आतून, एकानं बाहेरून करवतीसारखी ओढायची. आत बाणेदार, बाहेर बायको.

"मी ओढलं की तू सोडायचं, तू ओढलंस की मी सोडीन," बाणेदारांनी समजावलं.

"हे लग्नाआधी ठरलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि तिनं तार ओढली.

तार दोनदा तुटली. बाणेदारांचा अंगठा सोलला. मग मात्र काच अक्कलदाढेसारखी करकरत सुटली, एकही ओरखडा न पडता. बाणेदारांनी ती ट्रॉफीसारखी उंच धरली आणि कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बायकोनं तोवर ट्यूबवरची सूचना वाचली होती. नवा डिंक लावल्यावर गाडी दिवसभर हलवायची नव्हती. (सूचना वाचणं म्हणजे शरणागती, असं बाणेदारांचं मत आहे.)

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला : आजी तयार आहेत.

काच स्वयंपाकघरात राहिली, भोकावर प्लास्टिक चिकटलं, आणि काळा चष्मा लावलेल्या सासूबाई नेहमीच्या जागी बसल्या. वाटेत सर आली. पहिल्याच चौकात प्लास्टिक फडफडलं आणि उडून गेलं. थेंब डोळ्यात गेला तर? बाणेदारांनी आरशात पाहिलं. सासूबाई सीटमागच्या फळीवर हात घालून चाचपत होत्या. तिथून त्यांनी बाणेदारांची छत्री काढली, शांतपणे उघडली आणि भोकाला टेकवली. डोळा सुरक्षित होता. बाणेदारांना त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, पण सिग्नल हिरवा झाला.

"जावईबापू, छत्री ओलीचिंब आहे हो."

"दुपारी दुकानात गेलो होतो ना."

"ओली असताना इथेच ठेवता, माझ्या डोक्यामागे?"

"पुढे ठेवली तर पुढची सीट भिजते," बाणेदार म्हणाले. आणि वाक्य पुरं होता होता त्यांना ते ऐकू आलं.

बायकोनं मान वळवून आधी छत्रीकडे पाहिलं, मग भोकाकडे, मग नवऱ्याच्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे. पट्टी सुटली होती, ती तेवढी नीट केली.

घर आलं. बाणेदारांनी अदबीनं दार उघडलं आणि छत्रीसाठी हात पुढे केला.

"राहू दे माझ्याकडेच," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही ती उद्या पुढे ठेवाल, आणि परवा समोरची काच काढाल."