पूल बाहेर, मी आत

माणसाने छंद जरूर लावून घ्यावा. फक्त आधी घरातलं कपाट कुठे आहे ते बघून घ्यावं, एवढंच माझं आता म्हणणं आहे.

झालं असं, की आमच्या ऑफिसातल्या कॅलेंडरवर मार्चच्या पानावर आल्प्समधल्या नॅरोगेज गाडीचं चित्र होतं. खोल दरी, उंच दगडी पूल आणि पुलावर वळणारी चिमुकली लाल गाडी. मार्च संपला तरी मला पान उलटवेना. (त्यामुळे साहेबांची एक मीटिंग हुकली. ते मनाला लावून घेणारे आहेत.) शेवटी ठरवलं, ही गाडी आपण घरीच बनवायची आणि पुलावरून जाताना डोळे भरून बघायची. बस्स. माझ्या मागण्या पहिल्यापासूनच कमी.

"मागच्या खोलीत काय तो घोळ घाला," बायको म्हणाली. "पण कपाट हलणार नाही."

"अगं, आल्प्स आहे तो!"

"मग आल्प्स हलवा."

मी आराखडा काढायला बसलो. डोंगरातली गाडी सरळ चढत नाही, डोंगराच्या पोटात गोल गोल फिरत उंची गाठते. म्हणून गोल बोगदा हवा. तो कपाटाच्या कोपऱ्यापाशी जरा चेपला. (कागदावर ते जाणवत नव्हतं. त्या जागी मी पेन्सिल पुसट चालवली होती.) गाडी चालवणाऱ्याने मधोमध पोकळीत उभं राहावं, असं छंदिष्टांच्या एका मासिकात वाचलं होतं. तशी पोकळी ठेवली. तिच्याभोवती कमरेएवढ्या उंचीवर फळ्या, फळ्यांवर रूळ, रुळांवर जाळी, जाळीवर प्लास्टर. कलेच्या भरात डोंगर माझ्या डोक्याच्याही वर गेला. पूल अर्थातच बाहेरच्या, दर्शनी बाजूला.

प्लास्टर वाळलं त्या रविवारी मेहुणा आला. बायकोचा हा थोरला भाऊ माझ्या प्रत्येक उद्योगाला "वा वा" म्हणतो, आणि ते ऐकून माणूस तो उद्योग सोडून देतो.

मी फळ्यांखालून रांगत पोकळीत शिरलो. (पोटाने वाटेत हरकत घेतली.) कंट्रोलर फिरवला. गाडी ऐटीत बोगद्यात शिरली.

"आली! बाबा, पुलावर आली!" बाहेरून मुलगी किंचाळली. "कसली गोड दिसतेय!"

मी मान उंचावली. समोर प्लास्टरची पाठ. टाचा उंचावल्या. तरी पाठच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पूल सगळ्या जगाला दिसत होता, फक्त मला नव्हता!

"गाडी चालू राहू दे, मी आलोच!" म्हणत मी रांगत बाहेर आलो, धापा टाकत पुलासमोर उभा राहिलो. पूल रिकामा. गाडी नेमकी त्या चेपलेल्या वळणावर अडली होती आणि तिथे हात फक्त आतूनच पोचत होता. पुन्हा आत. बोटाने ढकललं.

"आली, आली!"

पुन्हा बाहेर.

"अरेरे, आत्ताच गेली, जावईबापू," मेहुणा हळहळला. "जरा आधी यायचं!"

"दादा, तुम्ही जाता का आत?"

"मी आत मावलो, तर तुमचा आल्प्स बाहेर येईल."

"बाबा, मी व्हिडिओ काढलाय ना, बघा," मुलगी म्हणाली.

व्हिडिओच बघायचा, तर कॅलेंडर काय वाईट होतं? मला अगदी रडू यायचं बाकी राहिलं. गुडघे सोलले होते, केसांत प्लास्टर होतं, आणि माझी गाडी मी सोडून सगळ्यांनी पाहिली होती.

बायकोला दया आली असावी. "सरका. मी जाते," म्हणून ती पदर खोचून आत गेली. मी पुलासमोर ठाण मांडलं. गाडी काही येईना.

"अगं, ढकल ना!"

"अहो, इथे किती शांत आहे!" डोंगरातून आवाज आला. "कुणी दिसत नाही, कुणी काही मागत नाही. एक स्टूल सरकवा बरं आत. आणि दादा कधीचा आलाय, त्याला चहा नको? मी आता इथून कशी उठू?"

मी स्टूल सरकवलं आणि स्वयंपाकघरात गेलो. चहाला उकळी येते न येते तोच मागच्या खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. मी धावलो. पूल रिकामा. परत आलो, तर चहा उतू गेलेला.

तेव्हापासून बायको रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन आल्प्समध्ये जाऊन बसते. एका हाताने पान उलटते, दुसऱ्या हाताने गाडी ढकलते. बघायला शेजारीपाजारी येतात, परवा तर साहेबही सहकुटुंब येऊन गेले. सगळ्यांना चहा लागतो.

पुलावर गाडी फार शोभून दिसते, असं साहेब म्हणत होते.