नाना आणि लोखंडाचा कीस

आमच्या शेजारच्या नानांकडे भाकरी आधी मोजली जाते, मग खाल्ली जाते. नगरच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये उभा जन्म काढून ते राहुरीला परतले, ते खिशात जाडी मोजायचं व्हर्नियर घेऊनच. भाकरी त्याच्या चिमट्यात धरून सुनेला म्हणतात, "ह्या कडंला चार मिलीमीटर, त्या कडंला तीन. भाकरी हाय का घसरगुंडी?"

"नाना, पोटात गेल्यावर सारखीच होते," सून म्हणते.

"अंदाज हा आळशी मानसाचा धंदा हाय," हे नानांचं ठरलेलं उत्तर.

कानस धरायला मी त्यांच्या ओट्यावरच शिकले. मी फारसं बोलत नाही. त्यावर नानांचं निदान असं, की "पोरगी इंग्लिशमधी गप बसती."

दहावीनंतर मला साचे बनवण्याचा डिप्लोमा करायचा होता. पप्पांना ते पटत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "नाना ज्या कॉलेजला हो म्हणतील, तिथला फॉर्म भरू. नाही म्हणाले, तर मुकाट्यानं अकरावी सायन्स." माझं पुढचं सगळं आता नानांच्या मानेवर होतं, ती उभी हलते की आडवी.

पहिल्या कॉलेजला काचेची इमारत आणि दारात कारंजं होतं. प्राचार्य माहितीपत्रक देत होते, तोवर नाना वर्कशॉपमध्ये लेथखाली वाकले होते. लोखंड कापलं की खोबऱ्यासारखा कीस पडतो, तो शोधत. ट्रे स्वच्छ होता.

"सायेब, ह्या मशिनी उपास करत्यात का?"

प्राचार्य हसले. नानांची मान आडवी.

दुसऱ्या कॉलेजात कीस होता, पण गंजलेला. "हा मागल्या दिवाळीचा फराळ हाय," नाना म्हणाले. पप्पांनी घड्याळ बघितलं, ते मला अजिबात आवडलं नाही.

दोन्हीकडे मला एकच गोष्ट विचारायची होती: वर्कशॉपजवळ मुलींना कपडे बदलायला जागा आहे का? दिवसभर तेलकट ओव्हरऑलमध्ये राहायचं, सगळीकडे मुलगेच. पण पप्पा आणि नानांसमोर तोंड उघडेना.

तिसऱ्या कॉलेजची भिंत पोपडे धरलेली. पण लेथखालचा कीस ताजा होता, निळसर. नानांनी कागदावर एक तुकडा उचलला आणि उजेडात धरला.

"कापनाऱ्याचा हात बरा हाय. पोरं कामं करत्यात हितं."

मान उभी हलणार, एवढ्यात तिथं शिकवणाऱ्या मॅडम लगबगीनं आल्या. "काका, लावली हो कडी! आता तरी भांडू नका."

"कसली कडी?" पप्पा म्हणाले.

"मुलींच्या खोलीला आतून कडी नव्हती. हे गेल्या आठवड्यात दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा विचारलं, दुसऱ्यांदा स्वतःच कडी घेऊन आले!"

मला आठवलं, त्या आठवड्यात नाना दोनदा बीपी तपासायला म्हणून एसटीनं गेले होते. आता ते छताकडे बघत होते. "बीपी बी बघितला की वाटंत," एवढंच पुटपुटले.

पप्पांनी फॉर्म लेथवर ठेवून तिथंच सही केली. माझ्या खांद्यावरून काहीतरी जड उतरलं आणि पहिल्यांदाच वर्कशॉपमधला तेलाचा वास मला चांगला वाटला.

परतताना एसटीत नाना माझ्या शेजारी बसले.

"कॉलेज सुरू झालं, की येत जा गं घरी. आज काय कापलं, काय बिघडलं, सांगत जा. रिटायर झाल्यापासून मशिनीचं बोलाया कुनीच न्हाई."

मी मान हलवली. मग वाटलं, एवढ्यानं भागणार नाही.

"येईन, नाना."

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "शनवारी ये. शनवारी मी घरीच असतो."

ते रोजच घरी असतात.