‘आईची बरणी’चं स्थळ

नीलेशचं नेहमीच वरातीमागून घोडं. त्याने लेबलं आधी छापली आणि वेबसाइटचं नाव नंतर शोधलं. भाईंदर पूर्वेच्या त्या दोन खोल्यांत त्याच्या बायकोच्या, संपदाच्या लोणच्याच्या बरण्या पलंगाखालीही मावेनात, आणि प्रत्येकीवर ठळक अक्षरांत ‘आईची बरणी डॉट इन’. ते नाव मात्र कुणीतरी आधीच घेऊन, वेबसाइटची नावं विकणाऱ्या एका ऑनलाइन बाजारात विकायला ठेवलं होतं. रविवारी संपदाचं पहिलं प्रदर्शन होतं.

“साधं चेक करता आलं नाही तुला?” संपदा म्हणाली.

“घेतो ना विकत! पण ही साइटच फ्रॉड असली तर?”

हे दाजीकाकांनी ऐकलं. रत्नागिरीपासून भाईंदरपर्यंत भावकीतलं एकही लग्न नीलेशच्या या काकांनी चौकशी केल्याशिवाय जमलेलं नव्हतं.

“ऑनलाइन असलं म्हणून काय झालं? स्थळ ते स्थळ,” ते चष्मा लावत म्हणाले. “शेजारीपाजारी काय म्हणतात?”

नीलेशने रिव्ह्यू उघडले.

“सगळे गोडगोडच बोलतायत? मग ते नातेवाईक. तक्रारी दाखव.”

तक्रारी सापडल्या. प्रत्येकीखाली साइटवाल्यांनी नीट उत्तर दिलं होतं.

“पैसे कुणाकडे राहतात?”

“नाव आपल्याला मिळेपर्यंत साइटकडेच. मग विकणाऱ्याला.”

“म्हणजे मध्यस्थ आहे. घर बरं दिसतंय. आता मुलगा बघू.”

मुलगा म्हणजे विकणारा. त्याला साइटवरून निरोप पाठवायची सोय होती. दाजी सांगत गेले, नीलेश निमूट टाइप करत गेला : ‘आपलं मूळ गाव कोणतं? घरी कोण कोण असतं? नाव का विकताय, त्यात काही खोट आहे का?’ शिवाय, विचारणाऱ्याने आधी स्वतःचं सांगावं या रीतीला धरून खाली घराचा संपूर्ण पत्ता.

“अनोळखी माणसाला पत्ता?” संपदा किंचाळली, पण निरोप गेला होता.

उत्तर काही येईना. शुक्रवारी तर साइटवरून ते नावच गायब झालं.

“दाजीकाका, स्थळ पळवलंत तुम्ही,” संपदा नखाने लेबल खरवडत म्हणाली. दाजींनी त्या दिवशी चहासुद्धा नको म्हटलं.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात एक म्हातारी, आणि मागे हातात हेल्मेट घेतलेला तिचा मुलगा.

“मी ज्युलियाना. उत्तनशी आयले. ह्यो माझा मेल्रॉय. नाव ह्याच्याकडंच हाय.”

एवढं बोलून ती सरळ स्वयंपाकघरात शिरली. तिने झाकणं उघडून वास घेतला, लोणच्याची फोड तोंडात टाकली, ओट्याखाली वाकून बघितलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोऱ्या तपासलेले दाजी कोपऱ्यात घाम पुसत उभे होते.

“मम्मीच्या मसाल्यासाठी घेतलेलं ते नाव,” मेल्रॉय हळूच म्हणाला. “आता तिच्या हातांना जमत नाही, म्हणून विकायला टाकलं. तुमचा मेसेज वाचला तर बोलली, पहिलं घर बघणार, मगच देणार. काढायलाच लावलं साइटवरून.”

“त्या नावातली आय मी हाय,” ज्युलियाना म्हणाली. “कोणाच्या पण घरात देऊ काय? पण ह्यांनी येवढं इचारलं, म्हणजे नावाची कदर हाय.” तिने बोट चाटलं. “देलं. मीठ बरोबर हाय.”

संपदाचे डोळे भरून आले. तिने ज्युलियानाचे दोन्ही हात धरले. “फार उपकार झाले, आई. तुमच्या नावाला कमीपणा येऊ देणार नाही.” मग दाजींकडे बघून म्हणाली, “तुमचेही, दाजीकाका.”

दाजींना कंठ फुटला. “व्यवहार मात्र साइटवरूनच. मध्यस्थ हवाच! पण बाई, नुसता ओटा बघून घर कळतं होय? शेजाऱ्यांना विचारायचं असतं.”

“इचारून आयले ना, खालच्या वाण्याला,” ज्युलियाना हसली. “तो बोलला, घर चांगला हाय. फक्त एक म्हातारा हाय, लय चौकशा करतो.”