हल्लेखोराचा ळ

सावली गावच्या बसस्टँडजवळच्या त्या चिंचोळ्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये तीन माणसे एकाच पडद्याकडे पाहत उभी होती, आणि पंखा तेवढा, आपलेही मत नोंदवून घ्यावे अशा हट्टाने करकरत होता. पडद्यावर भैयाजींचा हात जोडलेला फोटो होता. त्याखाली त्यांचा विकासनामा असायला हवा होता. तिथे लिहिले होते :

'परत ये. दार उघडेच आहे. धानाच्या बांधाजवलची बोडी अजून पाण्याने भरलेली आहे. जुन्या घराला तुझ्या पावलांची सवय सुटत नाही. पुलापलीकडे कोण आहे तुझे? डोले वाटेला लागले आहेत. परत ये. वेल अजून गेलेली नाही.'

"हा हल्ला हाय," गोपाल शेवटी म्हणाला. गोपाल हा भैयाजींचा पुतण्या आणि प्रचारप्रमुख. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत वेबसाइट असलेला तालुक्यातला पहिला उमेदवार आपला काका असावा, ही त्याचीच कल्पना. मतदारसंघात कॉम्प्युटर किती, हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. दोन हजार दोन साली असे प्रश्न विचारणे मागासलेपणाचे समजले जाई.

"कोनाचा हल्ला?" भैयाजींनी विचारले.

"मुखरूभाऊचा. अजून कोनाचा? परत ये म्हनते. तुमी त्याचा गट सोडला तं पोटात दुखून राह्यलं त्याच्या. बोडी भरली हाय म्हंजे गटाकडं माल आला, असा इशारा हाय तो."

सेंटरचा मालक फैज भिंतीला टेकून उभा होता. भिंतीने आत घेतले असते तर तो गेला असता. हल्लेखोर कोण, हे त्या खोलीत त्या एकट्यालाच ठाऊक होते, कारण तो तोच होता.

शिरीनला भामरागडला नर्स म्हणून जाऊन दीड वर्ष झाले होते. त्याआधी सहा महिने ती फैजकडे मराठी टायपिंग शिकली. शेवटच्या दिवशी दारात थांबून तिने विचारले होते, "सर, काई सांगाचं हाय काय?" मराठी कवितेत बी.ए. झालेल्या त्या तरुणाच्या ओठांवर आयुष्यातले सर्वांत मोलाचे वाक्य आले आणि त्याने सांगितले, "सर्टिफिकेट पुढच्या महिन्यात येईन." ती हसली नाही. त्या दिवशी ळचे बटण कीबोर्डावरून निखळले होते. ते तिच्या मुठीतच राहिले आणि मुठीसकट वैनगंगेचा पूल ओलांडून गेले. फैजने नवा कीबोर्ड आणला नाही. गिऱ्हाइकांचा ळ तो त्या भोकात रिफिल टोचून काढी. स्वतःसाठी लिहिताना मात्र ती जागा तिची म्हणून सोडून देई, आणि ळच्या जागी ल लिही.

असे कितीतरी लिहिले होते. ते कोणी उघडू नये म्हणून त्याने फाइलला 'विकासनामा २' असे नाव दिले होते. विकासनामा कोणी आपणहून वाचत नाही, या त्याच्या समजुतीत काही चूक नव्हती. चूक एवढीच झाली, की भारनियमनाची वेळ जवळ आली असताना, घाईघाईत, भर दुपारी त्याने स्वतःच ती फाइल भैयाजींच्या फोटोखाली चढवली.

"मी काढून टाकतो," फैज म्हणाला.

"हात लावाचा नाई. पुरावा हाय तो." गोपाल पडद्याला नाक लावून वाचू लागला. "थांबा. डोले. बांधाजवल. वेल. काका, पाह्यलं काय तुमी? ळ कुठीच नाई. मराठी मानूस ळ सोडन काय? मुखरूभाऊनं बाहेरची मानसं लावली. हैदराबादचा हात हाय."

"तेलुगूत ळ असते," फैजच्या तोंडून निसटले.

"मंग रायपूर. हिंदीत नसते ना?"

"नसते."

"झालं तं मंग."

"रायपूरच्या मानसाले आपली बोडी कशी मालूम?" भैयाजी हळूच म्हणाले. पण गोपाल तोवर फोनवर होता. आपल्यावर सायबर हल्ला व्हावा इतके आपण मोठे झालो, ही बातमी त्याला पोटात ठेववत नव्हती.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पेपरात ती आली : 'उमेदवाराच्या संकेतस्थळावर राजकीय हल्ला, परप्रांतीय हाताचा संशय'. तज्ज्ञांच्या सोयीसाठी संपूर्ण मजकूर चौकटीत, ळच्या अभावासह छापला होता. वार्ताहराने मुखरूभाऊंना गाठले. त्यांच्या कार्यालयातला कॉम्प्युटर दसऱ्याला वाहिलेल्या फुलांसकट झाकून ठेवलेला होता. ते नाकारणार होते, पण 'अत्याधुनिक हल्ला' हे शब्द ऐकून मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आमची पोरं काईबी करू शकते."

फैजला आता राहवेना. तो भैयाजींकडे गेला. खरे सांगायचे तर 'कोणासाठी लिहिलं' हेही सांगावे लागणार, आणि उद्या शिरीनचे नाव पानठेल्यापानठेल्यावर चघळले जाणार, हे त्याला कळत होते. तरी गेला.

भैयाजी ओसरीत एकटेच बसले होते. मांडीवर कात्रण होते.

"फैज, बावीस वर्सं मी त्या गटात होतो. तिकीट नाई भेटलं म्हून उठलो अन् निंगालो. मुखरूनं थांब नाई म्हटलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "जुन्या घराला तुझ्या पावलांची सवय सुटत नाही. असं लिवाले मानसाले किती तरास झाला असन, सांग बरं."

"लय झाला असन," फैज मनापासून म्हणाला.

"तू तं शिकलेला हायेस. खरं सांग. मुखरूनंच लिवलं असन ना हे?"

ओसरीपुढच्या कडुलिंबावरून एक पान सावकाश, घाई नसल्यासारखे खाली आले. आपण दीड वर्ष ज्या वाटेकडे पाहत आहोत तिच्याच दुसऱ्या टोकाला हा म्हातारा बसला आहे, असे फैजला वाटले.

"असन, भैयाजी."

भैयाजींनी उमेदवारी मागे घेतली आणि ते चालतच मुखरूभाऊंच्या दारी गेले. मुखरूभाऊंना आपण बोलावल्याचे आठवेना. पण वार्ताहर समोर असल्याने त्यांनी मिठी मारली, आणि मारल्यावर मात्र ती बराच वेळ सुटली नाही. दोघांचे डोळे भरले. "हल्ला सक्सेस झाला," गोपाल मागे उभा राहून खिन्नपणे म्हणाला.

आठ दिवस गेले. भामरागडला पेपर तिसऱ्या दिवशी पोचतो. दुपारी सेंटरच्या दारात शिरीन उभी राहिली, हातात चौघडी घातलेला पेपर. फैजने उठायला हवे होते. तो बसूनच राहिला.

"मुखरूभाऊ मस्त लिवते, सर," ती म्हणाली.

"हो."

"वाटलं नोहतं."

"कोनालेच वाटलं नोहतं."

"भामरागडच्या दवाखान्यात सगळ्यायनं वाचलं. डॉक्टर म्हने, हे चीनचं काम हाय. मी म्हटलं, नाई जी, हे लिवनारा मानूस तोंडानं 'सर्टिफिकेट पुढच्या महिन्यात येईन' एवढंच म्हनते." तिने पेपर टेबलावर ठेवला. "मुखरूभाऊच्याबी कीबोर्डाचं ळ तुटलं हाय काय?"

फैजने कीबोर्डातल्या त्या काळ्या भोकाकडे पाहिले. मग धीर एकवटून, रिफिल बोटांत गच्च धरून, त्याने विचारले, "सुट्टीवर आलीस, का परत आलीस?"

तिने मूठ उघडली. घामाने ओलसर झालेले बटण टेबलावर ठेवले, ओढणी सावरली आणि ती पायऱ्या उतरली. स्टँड डाव्या हाताला होते. भामरागडकडे नेणारी गडचिरोलीची बस लागलेली होती, कंडक्टर हाका मारत होता. शिरीन उजवीकडे, गावात वळली.