सावलीत बोलू

सखाराम आबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते वैशाखातल्या भर दुपारी. उजाड खिंडीत, कमरेएवढ्या जांभळाच्या रोपावर छत्री धरून हे गृहस्थ उभे. स्वतः उन्हात, आणि टक्कल तव्यासारखं तापलेलं.

मी पासलीत ग्रामसेवक म्हणून नवाच आलो होतो. म्हटलं, "आबा, छत्री आपल्या डोक्यावर घ्या की!"

"म्या रुजलोय. त्येला अजून रुजायचंय."

पुढे कळलं, की या माणसाचं सगळं सावलीवरच चालतं. उन्हात आबा फक्त "व्हय" आणि "न्हाई" एवढंच बोलत. जास्त विचारलं तर, "सावलीत बोलू. उनात बोललेलं वाकडं जातं." एकदा बैलाचा सौदा वाटेवर ठरत आला होता, तर यांनी व्यापाऱ्याला अर्धा मैल चालवत उंबराखाली नेलं. तिथे पोचल्यावर तो म्हणाला, "बैल राहू द्या, आधी पाणी द्या." गाव हे सगळं हसण्यावारी नेई. मीही नेलं, आणि तिथेच फसलो.

झालं होतं असं, की दोन पावसाळ्यांपूर्वी सरकारने एक योजना काढली होती. शेतकऱ्याने आपल्या वरकस, हलक्या डोंगराळ जमिनीत हिरडा, ऐन, जांभूळ, करंज अशी इथलीच झाडं लावायची. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत जगली तर अनुदान. अट एकच, झाड स्वतःच्या जमिनीत हवं. आबांनी साठ रोपं नेली होती. सगळी त्यांच्याच जमिनीत आहेत, असा दाखला मला द्यायचा होता. बाहेर ऊन रणरणत होतं, म्हणून मी कचेरीतच बसून सही ठोकली. आबांच्या न्यायाने सावलीत केलेली ती सही तरी खरी ठरायला हवी होती.

आठ दिवसांत तपासणीला साहेब आले. आबांच्या जमिनीत झाडं भरली चाळीस.

"बाकीची वीस?"

"हायती."

"कुठं?"

आबांनी वर पाहिलं. डोक्यावर ऊन. साहेबांनी माझ्या दाखल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी नोकरी जेमतेम महिन्याची.

"विकली?"

"न्हाई."

"मेली?"

"न्हाई!" आबा असे ओरडले, की साहेब एक पाऊल मागे सरले.

मला खिंडीतलं ते जांभूळ आठवलं. गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं, पण माझा जीव मला प्यारा होता. "खिंडीत असतील, साहेब," मी बोलून गेलो. आबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. ती नजर मला अजून आठवते.

खिंडीत वाटेच्या दोन्ही अंगांना वीस रोपं उभी होती. प्रत्येकाला दगडांचं आळं, भोवती काट्यांचं कुंपण. एकही मेलेलं नव्हतं.

"हे गायरान आहे, बाबा," साहेब म्हणाले. "आज ही उपटून तुमच्या जमिनीत लावा. नाहीतर तुमचं नाव योजनेतून कमी करावं लागेल. मग त्या चाळिसांचंही काही मिळणार नाही."

आबांनी छत्री उघडली आणि साहेबांच्या डोक्यावर धरली.

"सावलीत बोलू," ते म्हणाले. "वैशाखात उपटली तर मरत्याल, सायेब. माझी लेक हौसा, या खिंडीपल्याड दिलीया. तीन वर्सामागं तिला सासरी घालवाया आल्तो. तिला आनिक चार दिस ऱ्हायचं व्हतं. हितं बसली, उठंना. म्या वराडलो, पुन्यांदा माझ्या दारात पाय ठिवू नगंस. ऊन लई व्हतं सायेब. हितं एक जरी झाड असतं तर म्या तसं बोललो नसतो. तवापासनं ती आली न्हाई."

साहेब हळूच म्हणाले, "झाडं राहू द्या. पण नाव कमी करावं लागेल."

"करा," आबा लगेच म्हणाले.

परत निघताना साहेबांनी मला माझ्या सहीबद्दल असं काही सुनावलं, की मान वर करवेना. ते गेले, पण मला घरी जाववेना. लाज वाटत होती. मी पुन्हा खिंडीत गेलो.

"आबा, चुकलं माझं. हौसाताईंना पत्र लिहू का?"

आबांनी मला त्या जांभळाशेजारी बसवलं. चहूबाजूंनी न्याहाळलं. माझं डोकं आणि एक खांदा सावलीत आला होता.

"लिवा. म्हनावं, एका मान्सापुरती सावली झालीया. ये."

"आणि तुम्ही कुठं बसणार?"

"म्या उनात बसन."

"अहो, पण उन्हात तुम्ही बोलणार कसे?"

आबांनी छत्री शेजारच्या करंजावर धरली होती. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "म्या बोललो तेवडं बास झालं. आता तिनं बोलायचं, म्या ऐकायचं."