बाथरूममधल्या बेडकाचे तीन पंचनामे

तलाठ्याच्या नजरेतून काही सुटत नाही. ही बढाई नाही, बत्तीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव आहे. बांध चार बोटं सरकला तरी मला उभ्या उभ्या कळायचं. मग विश्रांतवाडीतल्या माझ्याच बाथरूममध्ये, गीझरच्या पाइपावर बसलेला बेडूक वेगळा आहे हे कळणार नाही?

अंगाने सडपातळ, बोटांच्या टोकांना गोल चकत्या, आणि गडी चक्क टाइल्सवर चढत होता! मी नेटवर 'उष्ण प्रदेशातले झाडावरचे बेडूक' शोधले. सगळे हिरवेगार, लाल डोळ्यांचे. आमचा एकाशीही जुळेना. म्हणजे जातच नवी! आणि नव्या जातीला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा.

रविवारी आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. एकोणचाळीस वेळा मी तारीख विसरलो होतो. या खेपेला कांताबाईला अशी भेट द्यायची ठरवली, की तिच्या थोरल्या जावेने तोंडात बोट घालावं. अख्खी जात तिच्या नावाची!

तिला सांगितलं तर म्हणाली, "माझं नाव बेडकाला?" पण तासाभरात तिनेच जावेला फोन लावून, आपलं नाव आता विज्ञानाच्या पुस्तकात छापून येणार, असं कळवून टाकलं. झालं! आता माघार नाही.

सरकारी माणूस पुराव्याशिवाय बोलत नाही. मी रीतसर पंचनामा केला. पंच म्हणून शेजारचे श्यामसुंदर आणि आमचा वॉचमन गेनबा. लांबी अडीच इंच, रंग पिवळसर. पूर्वेस गीझर, पश्चिमेस खिडकी, दक्षिणेस बादली, उत्तरेस आम्ही. श्यामसुंदर सहीला वाकले आणि बेडूक त्यांच्या टकलावर जाऊन बसला. सही जरा लांबलचक झाली.

दुपारी पाहतो तर रंग तपकिरी. संध्याकाळी राखाडी, वर ठिपके. मी हरखलोच. एक नाही, तीन जाती! आणखी दोन पंचनामे केले. दुसरी जात मुलीच्या नावे, आणि तिसरी जावेच्या, कारण आम्ही काय पाप केलंय, असं त्यांनी फोनवर विचारलं होतं. मग दाराला लाखेचं सील ठोकलं.

चार दिवस आम्ही आंघोळीला श्यामसुंदरांकडे. एरवी पाच मिनिटं पाणी गेलं तर घर डोक्यावर घेणारी कांताबाई, टॉवेल घेऊन निमूट निघायची. खरं सांगतो, ते बघून मला भरून यायचं.

रविवारी प्राणीशास्त्राच्या प्राध्यापिका शाइस्ता मॅडमना बोलावलं. कांताबाईने ठेवणीतली साडी नेसली होती. जाऊबाई तर मॅडमच्याही आधी हजर. सील तोडलं. मॅडमनी पाइपाकडे एकदा पाहिलं आणि तिन्ही पंचनामे शेवटपर्यंत वाचले.

"अक्षर छान आहे आपलं," त्या म्हणाल्या.

"आणि नाव?" मी विचारलं.

"ते जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच देऊन झालंय. आणि काका, बेडूक एकच आहे. तो रंग बदलतो. साधाच आहे, पुण्यात कितीतरी बाथरूममध्ये सापडेल."

कांताबाई बेडकाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी पंचनाम्यांची घडी घालू लागलो.

जाऊबाई पुढे झाल्या, चष्मा सारखा करून पाइपाकडे नीट बघितलं, आणि कांताबाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, असले आमच्याकडे दोन आहेत."