फणसाचं रेकॉर्डिंग

"रिकामं?" यशोधराने कढईतली भाजी हलवता हलवता विचारलं. "म्हणजे काहीच नाही?"

"काही म्हणजे काहीच नाही!" कॉम्प्युटरसमोर बसलेल्या धम्मदीपने कपाळाला हात लावला. "एवढ्या दिवसांचं रेकॉर्डिंग, आणि एक मिनिटसुद्धा नाही गं."

धम्मदीप म्हणजे हेंद्रेपाड्यातल्या मैत्री सोसायटीचा सेक्रेटरी. गेटवर कॅमेरा बसवायची आयडिया त्याचीच. ही गोष्ट दोन हजार आठ सालच्या उन्हाळ्यातली. तेव्हा बदलापुरात कॅमेरा फक्त सोनाराच्या दुकानात दिसायचा. मैत्रीच्या गेटवर तो लागला तेव्हा शेजारच्या बिल्डिंगमधली माणसं बघायला आली होती. पहिला आठवडाभर तर बायका कचरा टाकायलासुद्धा इस्त्रीची साडी नेसून खाली उतरत. काय दिवस होते ते!

कॅमेऱ्याचा डबा वॉचमनच्या केबिनमध्ये होता, पण त्याच्या पोटात चार दिवसांपेक्षा जास्त काही मावायचं नाही. म्हणून केबलवाल्या हिरामणने वायर टाकून अशी सोय केली, की रोज सकाळी आदल्या दिवसाचं रेकॉर्डिंग आपोआप धम्मदीपच्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन साठायचं. "तुम्ही फक्त झोपा, साहेब. सगळं ऑटोमॅटिक हाय," असं हिरामणने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. धम्मदीप खरोखरच झोपला.

आणि आता फणस गेले होते. सोसायटीच्या आवारात फणसाचं एक जुनं झाड होतं. दर मे महिन्यात त्याचे गरे घरोघरी वाटले जायचे. यंदा मात्र पिकलेला फणस तेवढा नेमका गायब! कच्च्याला कोणी हात लावत नव्हतं.

"कुंपणच शेत खातंय!" पहिल्या मजल्यावरच्या शंकररावांनी जिन्यात उभं राहून जाहीर केलं. कुंपण म्हणजे वॉचमन नाथा. अंबरनाथ एमआयडीसीतली त्याची कंपनी बंद पडली, तेव्हा धम्मदीपनेच त्याला शब्द टाकून इथे लावला होता. बायकापोरांसह गेटजवळच्या खोलीत राहणारा नाथा आता मान खाली घालून उभा होता. शंकरराव म्हणाले, रविवारच्या मीटिंगमध्ये एक तर चोर दाखवा, नाहीतर नाथाने खोली खाली करायची.

"दाखवतो की! कॅमेरा कशाला बसवलाय? दूध का दूध, पानी का पानी!" धम्मदीप तावातावाने बोलून गेला. केबिनमधल्या डब्यात उरलेल्या चार दिवसांत एकही फणस गेला नव्हता, आणि घरी येऊन बघतो तर हे असं.

हिरामणला बोलावणं गेलं. त्याने खुर्ची ओढली, थोडी खटपट केली आणि जीभ चावली.

"साहेब, एक लोचा झालाय. तुमच्या कॉम्प्युटरचं नाव काय हाय माहितीये?"

"धम्मदीप असेल."

"हिरामण."

"माझ्या कॉम्प्युटरला तुझं नाव?"

"मी जोडून दिला ना! लग्नात आहेर देणारा भांड्यावर आपलं नाव घालतोच की. उल्हासनगरहून पार्ट आणून जेवढे जोडले, सगळ्यांवर तेच. आणि तुमचा डबा रोज सकाळी माझ्या केबलच्या लाइनवर सगळ्यांना विचारतो, हिरामण कोण? नळावर ज्याचा हंडा पुढं, त्याला पाणी. तसं जो कॉम्प्युटर आधी चालू होतो, त्याला रेकॉर्डिंग."

"अरे, पण आपला तर चालूच असतो!"

यशोधराने पदराला हात पुसले. "कुठला चालू? झोपायच्या आधी मी रोज मेन बटण बंद करून वर भरतकामाचं कव्हर घालते. बिल काय हिरामण भरणार?"

धम्मदीपने बायकोकडे पाहिलं, मग कव्हरवरच्या मोराकडे पाहिलं. भल्या पहाटे चालू होणारा हिरामण एकच असल्याचं केबलवाल्याने सांगितलं. मागच्या गावठाणातल्या पुतळाबाईंचा. त्यांचा नातू धर्मेश पहिल्या पाळीला जायच्या आधी गाणी लावायचा.

धम्मदीप तिथे पोचला, तेव्हा पुतळाबाई कॉम्प्युटरसमोर पाटावर बसून भाकरी खात होत्या. पडद्यावर मैत्री सोसायटीचं गेट होतं.

"ये रं, शेक्रेटरी! काल भाजीची पिशवी रिक्षान इसरलास ना? बायको बोलली का नाय?"

धम्मदीप गारच पडला. "आजी, तुम्ही रोज बघता हे?"

"रोज. धर्मेश लावून जातो. तुमचे त्या टीवीचे मालिकेपरीस बरा. हितं कुनी उगाच रडत नाय." मग त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या झाडाकडे बोट केलं. "यो फनस आमचे म्हाताऱ्यानी लावला. तुमचे बिल्डिंगचे जागंव आमचा घर व्हता. जागा इकली, पन झार कवा इकला? आता आपलेच आंगनान पावनी म्हनून कशी येऊ? म्हनून हितनंच बगते."

"आणि फणस, आजी?"

"कावले बसाया लागले का समजायचा, पिकला. मंग धर्मेशला पाठवते. पयले फनस पोरींचे सासरी जातान. म्हाताऱ्यानी कदी चुकवला नाय, मी कशी चुकवू?"

आता बोला! चोर पकडायला बसवलेला कॅमेरा रोज सकाळी चोराच्याच घरी फणस पिकल्याची वर्दी देत होता. धम्मदीपला हसू आलं आणि त्याच वेळी गलबलूनही आलं. त्याने कसंबसं सांगितलं, "आजी, त्या फणसांपायी आमच्या नाथाची नोकरी जातेय."

पुतळाबाईंचा घास हातातच राहिला. "नाथा? झाराला पानी घालतो, तो?" तो घास त्यांनी परत ताटात ठेवला. रेकॉर्डिंग मागायची धम्मदीपला हिंमत झाली नाही. या म्हातारीला चारचौघांत चोर कसं म्हणायचं? आणि नाही म्हणावं तर नाथाच्या पोरांनी कुठं जायचं?

रविवारी फणसाखालीच खुर्च्या मांडल्या होत्या. "हं, सेक्रेटरी," शंकररावांनी सुरुवात केली, "कुठाय तुमचं दूध आणि कुठाय पाणी?"

धम्मदीप उठला, आणि तेवढ्यात गेट वाजलं. पुढे खांद्यावर गोणपाट घेतलेला धर्मेश, मागे नऊवारीतल्या पुतळाबाई. धर्मेशने गोणपाट टेबलावर ठेवलं. आतून अख्खा कॉम्प्युटरचा डबा निघाला.

"सगला यात हाय," पुतळाबाई म्हणाल्या. "त्यातला तेवराच काराया मना जमत नाय. फनस मी नेले. नाथाला बोल लावू नका."

सगळ्यांनी नाथाकडे वळून पाहिलं. शंकरराव मात्र हटले नाहीत. "असं कसं? एवढा मोठा फणस गेटबाहेर गेलाच कसा? नाथा सामील असल्याशिवाय?"

यशोधराने घरच्या कॉम्प्युटरचा पडदा आणून जोडला. रेकॉर्डिंग सुरू झालं. गेटवर नाथा नव्हता, तो मागे पंप चालू करायला गेलेला. धर्मेश खांद्यावर गोणपाट घेऊन झोकांड्या खात गेटपाशी आला. तेवढ्यात हाफ पँटमधले एक सद्गृहस्थ फेरफटका मारून परतले. त्यांनी स्वतः गेट उघडून धरलं, गोणपाटाला खालून हात दिला, आणि वर धर्मेशची पाठही थोपटली. ते शंकरराव होते.

"काका बोल्ले, 'सिमेंट का रे? जपून ने हां, बाळ,'" धर्मेशने भाबडेपणाने माहिती पुरवली.

हशा असा उसळला, की झाडावरचे कावळे उडाले. शंकररावांनी चष्मा काढला, सावकाश पुसला आणि परत लावला. "विषय संपला," ते म्हणाले. "पुढचा विषय, पाण्याची टाकी."

टाकीकडे कोणाचं लक्ष होतं! पुतळाबाई फणसाच्या बुंध्यावर हात ठेवून उभ्या होत्या. डोळ्यांना पदर लावावा की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. नाथाने केबिनमधली आपली खुर्ची आणून झाडाखाली ठेवली. पुतळाबाई बसल्या.

त्या बसल्या त्या बसल्याच. हिरामणने नावं बदलून दिली आणि रेकॉर्डिंग नीट धम्मदीपकडे यायला लागलं, तर त्यात रोज तेच, सकाळपासून झाडाखाली पुतळाबाई! कोण आलं, कोण गेलं, कोणाचं पोर क्लास बुडवून वडापाव खात होतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. नाथाला कोणी काही विचारलं, की तो त्यांच्याकडे बघायचा.

दोनेक वर्षांनी कॅमेरा जळाला. हिरामण शिडी घेऊन दुरुस्तीला आला, तर गेटवर शंकररावांनीच त्याला अडवलं.

"खर्च कशाला?" ते म्हणाले. "काय हवं ते आजींना विचार. आणि हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."